बसऱ्याचे अण्णा आणि इटलीचे तात्या

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या पुष्कळ जुन्या घरांत खाकी कपड्यातला एक माणूस भिंतीवर असतो. माजघरात, तुळईखाली, किंचित पुढे झुकलेल्या फ्रेममध्ये. त्याची पलटण कुणाला ठाऊक नसते, साल ठाऊक नसतं, पुष्कळदा नावावरही एकमत नसतं. पण ‘आमच्या घरातला मिल्ट्रीतला’ एवढं घरातलं शेंबडं पोरही छातीठोकपणे सांगतं. आमच्या घराण्यात असे दोघे होऊन गेले आणि फोटो मात्र एकच. तेव्हा भांडण होणारच होतं.

आत्याच्या मते फोटोतले ते बसऱ्याचे अण्णा. तिच्या आजोबांचे सगळ्यात धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात बोटीत बसून बसऱ्याला गेले, कुतच्या वेढ्यात सापडले आणि परत आले नाहीत. लग्नही झालेलं नव्हतं. घराण्याच्या कोल्हापूरच्या शाखेच्या, म्हणजे कोल्हापूरकरांच्या मते ते इटलीचे तात्या. तात्या म्हणजे आत्याचे सख्खे चुलते. ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, धडधाकट परत आले आणि पेन्शन खात, नातवंडांना मॅकरोनीच्या गोष्टी सांगत म्हातारे होऊन गेले. दोन्ही घरांत तोच फोटो. आत्याकडे दर पितृपक्षात त्याला हार पडतो. कोल्हापुरात तो दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आहे. दोन्ही घरांचं एका बाबतीत मात्र पूर्वीपासून एकमत: फोटोतला माणूस घोडदळात होता.

मी दोन्ही प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं की हे दोन वेगळे फोटो आहेत. आत्याची प्रत जुनी, जाड तपकिरी पुठ्ठ्यावर चिकटवलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. तिच्यात मागे रंगवलेला पडदा आहे, त्यावर खांब आणि फुलांची कुंडी. पुढे खुर्चीत शिपाई बसलाय, मांडीवर छडी आडवी. शेजारी नऊवारीतली बाई उभी आहे, एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि दुसरा कुठे ठेवावा हे न कळून पदराशी. तिच्या पुढ्यात तिवईवर तीनेक वर्षांची पोर. पोर हलल्यामुळे तिचा चेहरा जरासा पुसट आलाय. कोल्हापूरची प्रत कुठल्याशा स्टुडिओतून ‘मोठा करून’ घेतलेली. मोठं करताना कारागिराने फक्त शिपायाचा छातीपर्यंतचा भाग ठेवला, बाई आणि पोर कापून टाकली. वर पेन्सिल चालवून मिशा दाट केल्या, भुवया कोरल्या. त्या मिशांमुळेच तो माणूस तात्यांसारखा दिसतो. तात्यांच्या मिशा प्रसिद्ध होत्या.

आमच्या कॉलनीत मराठा पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. सकाळी बागेला पाणी घालताना भेटतात. त्यांना फोटो दाखवला, तर त्यांनी आधी चष्मा बदलला, मग आतून भिंग आणलं. मी बोटाने चेहरा दाखवत होते. ते म्हणाले, “ताई, चेहरा राहू द्या. चेहरा घरच्यांनी बघायचा असतो. आपण पायापासून सुरू करू.”

पायाच्याही आधी त्यांनी एक शंका काढली. हा शिपाईच कशावरून? खाकी कपडा आणि पितळी बिल्ला म्हणजे मिल्ट्री, हे आपलं समीकरण. त्या काळी खाकी घालणारे थोडे होते का? जंगलखात्याचे गार्ड, तुरुंगाचे पहारेकरी, जिल्हा पोलीस, संस्थानी फौजांचे लोक. मुंबईचा पोलीस निदान निळ्या डगल्यावर आणि पिवळ्या टोपीवर ओळखू यायचा, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत निळं काय आणि खाकी काय! सुभेदार म्हणाले, त्यांच्या गावात एका घराने वर्षानुवर्षं ‘पणजोबा सुभेदार’ म्हणून पुजलेला माणूस लग्नाच्या बँडमधला निघाला. खांद्यावरच्या झुपक्यांनी घात केला. मला हसू आलं, पण त्या घराचं काय झालं असेल याचा विचारही आला.

आमच्या माणसाच्या पायांनी मात्र दगा दिला नाही. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या आहेत, पुटी म्हणतात त्या. ही लोकरीची लांब पट्टी पायदळवाला घोट्याकडून वर गुंडाळत जातो आणि गुडघ्याखाली नाडीने बांधतो. घोडेस्वार उलटं करतो. वरून खाली येतो आणि नाडी घोट्याशी बांधतो, म्हणजे रिकिबीत आणि घोड्याच्या अंगाला घासून ती सुटत नाही. आमच्या माणसाची नाडी गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, व्यवस्थित दिसते. टाचेला काटे नाहीत. घोडेस्वाराच्या आणि तोफखान्याच्या माणसाच्या छातीवर तिरपा जाणारा काडतुसांचा चामडी पट्टा असतो, तोही नाही. कमरेला साधा चामडी पट्टा. सुभेदारांनी भिंग खाली ठेवलं. “पैदल. शंभर टक्के पैदल. घोडा तुमच्या घरी कुठून आला ते मला माहीत नाही.”

तात्यांचा दावा इथेच लंगडायला लागला. १९४३-४४ च्या इटलीतला हिंदी शिपाई असा नसायचा. तोवर चामड्याच्या जागी कॅनव्हासचे पट्टे आले होते, गुडघ्यापर्यंतच्या पुटीच्या जागी घोट्यापुरत्या आखूड पट्ट्या नाहीतर कॅनव्हासचे गेटर. थंडीत जर्सी किंवा आखूड लोकरी डगला. आणि दंडावर डिव्हिजनची खूण: चौथ्या हिंदी डिव्हिजनचा तांबडा गरुड, आठव्याची तीन पिवळी फुलं. तात्यांची पलटण आठव्या डिव्हिजनमध्ये होती. तीच पहिली मराठा, जिच्या नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तात्यांच्या गोष्टींत जाधव हमखास यायचे, आणि आदल्या वर्षी टायबरच्या खोऱ्यात पडलेले तिसऱ्या मराठाचे यशवंत घाडगेही. फोटोतल्या माणसाच्या दंडावर फूलही नाही आणि गरुडही नाही. तीन फिती आहेत, म्हणजे हवालदार. तात्या नाईक म्हणून घरी आले, हे त्यांच्या पेन्शनच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे.

कोल्हापूरच्या प्रतीतली आणखी एक गंमत माझ्या लक्षात आणून दिली ती शेजारच्या शिंप्याने. मी फोटोची झेरॉक्स काढून येत होते, त्याच्या दुकानाशी थांबले, तर तो म्हणाला, “मॅडम, या माणसाचा कोट बायकी आहे.” पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, बायकांच्या कपड्यांत उलट. कोल्हापूरच्या प्रतीत उजवी बाजू वर आहे. पदकंही उजव्या छातीवर आहेत, जिथे कुठलाही शिपाई स्वतःची पदकं लावत नाही. मोठं करणाऱ्याने काच उलटी घातली होती, बाकी काही नाही. बायको कापली, मूल कापलं, मिशी वाढवली आणि माणूस आरशात घातला. एवढं झाल्यावर त्याला कुणीही तात्या म्हटलं असतं.

मग राहिले अण्णा. आत्याला मी फोनवर सांगितलं की तात्या बाद झाले, तेव्हा ती म्हणाली, “मी काय सांगत हुते? अण्णाच हाय त्यो.”

गळपट्टीवर दोन्ही बाजूंना एक लहानशी पितळी खूण आहे. भिंगातून ती शिंगासारखी दिसते, वर दोरीची गाठ. शिंग ही लाइट इन्फन्ट्रीची खूण. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या. १०३, १०५ आणि ११० या नावानेही लाइट इन्फन्ट्री. ११४, ११६ आणि ११७ नुसत्या मराठा. १९२२ साली सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि बेळगाव तिचं घर ठरलं. म्हणजे फोटो १९२२ नंतरचा असेल तर शिंगावरून पलटण कळत नाही, आधीचा असेल तर तीनांपैकी एक. खांद्यावरची पितळी अक्षरं वाचता आली असती तर सगळा प्रश्न तिथेच मिटला असता, पण तिथे नुसती चकाकी आहे. स्टुडिओतल्या उजेडात पितळ असं चमकलंय की अक्षरं विरघळून गेलीत. पुठ्ठ्याच्या मागे शिक्क्यातलं ‘बेळगाव’ एवढंच शिल्लक, बाकी कसरीच्या पोटात.

अण्णांचा निकाल लागला तो डाव्या छातीवर.

तिथे दोन पदकं आहेत, दोन्ही गोल. फितींचे रंग फोटोवरून सांगायला जाऊ नये, हे मला याच निमित्ताने कळलं. त्या काळच्या स्टुडिओतल्या काचांना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडं काळं उमटायचं, निळं जवळजवळ पांढरं. म्हणून फोटोतल्या बाईचं कुंकू शाईने ठिपका द्यावा तसं काळंभोर आहे. इंद्रधनुष्याच्या रंगांची फीत अशा काचेवर काय दिसणार? राखी, काळी, पुन्हा राखी. पण पदक कशावर टांगलंय ते दिसतं. एक पदक आडव्या दांडीवर टांगलेलं आहे आणि त्याची चकाकी पांढरी. दुसरं एका कडीत अडकवलंय आणि ते मंद, मळकट. दांडीचं ते चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, कडीचं ते ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. ही जोडी पहिल्या महायुद्धात लढलेल्या लाखो लोकांना मिळाली. दोन्ही पदकं जाहीर झाली १९१९ मध्ये.

कुत पडलं २९ एप्रिल १९१६ ला.

कुतची गोष्ट आमच्याकडे ‘बसऱ्याची लढाई’ एवढ्या दोन शब्दांत सांगतात. खरं तर बसऱ्यापासून कुत बरंच वर आहे, टायग्रिसच्या वळणात. जनरल टाउनशेंडची सहावी म्हणजे पूना डिव्हिजन बगदाद घ्यायला निघाली, टेसिफॉनला अडली, मागे फिरली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली, तेव्हा हिंदी शिपायांपैकी कितीतरी जणांनी ते मांस खायला नकार दिला; घरी कळलं तर जातीबाहेर पडू ही भीती तोफगोळ्यांपेक्षा मोठी होती. शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. त्यातल्या पुष्कळांना उन्हातून पायी हाकलत नेलं, हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर जुंपलं. अण्णा वेढ्यात गेले, वाटेत गेले की रुळांवर, हे घरी कुणाला कळलंच नाही. आत्याची आजी सांगायची, वर्षभर घरात कुणी गोड केलं नाही, आणि मग एक दिवस सासूने न बोलता पुरण शिजत घातलं.

तर १९१६ मध्ये गेलेला माणूस १९१९ नंतरचं पदक लावून फोटोला बसू शकत नाही. मी हे आत्याला सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून दोन दिवस घोळवून घोळवून सांगितलं. आत्या शाळेत चौथीपर्यंत गेली, पण वकिलाची मुलगी असायला हवी होती. ती म्हणाली, “मेल्यावर सरकारनं घरी धाडलं आसंल की. आन घरातल्या कुणीतरी लावून फोटू काढला आसंल. भाऊ न्हवं का?”

हे अगदी बरोबर आहे. मेलेल्याची पदकं घरी यायचीच. सुभेदारांकडे पुन्हा गेले. त्यांनी भिंग न उचलताच सांगितलं, “मग तारा कुठाय?” १९१५ संपायच्या आत जो युद्धभूमीवर पोचला त्याला या जोडीखेरीज एक तारा मिळायचा, १९१४-१५ स्टार. चार टोकांचा, ब्राँझचा. तो गोल नसतो, फोटोत चुकूनही गोल दिसत नाही. डिसेंबर १९१५ ला कुतमध्ये असलेल्या अण्णांचा हक्क तीन पदकांचा होता. फोटोतल्या माणसाकडे दोनच. म्हणजे हा माणूस १९१६ किंवा त्यानंतर समुद्रापार गेला, लढला आणि परत आला. पदकं स्वतःची, फिती स्वतःच्या, बायको स्वतःची.

मला विचाराल तर हा फोटो अण्णांचा का झाला, हे कोडं गणवेशापेक्षा सोपं आहे. अण्णांना दुसरी जागाच नव्हती. मेसोपोटेमियात ज्यांना थडगं मिळालं नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अंमलदारांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं कबूल करून माफी मागितली, पण शंभर वर्षं आकडाच होता. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत जी संगमरवरी पाटी आहे, तशी या भागातल्या कितीतरी गावांत आहे, तिच्यावरही तेच: गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. आत्याच्या आजीला हार घालायला काहीतरी हवं होतं. भिंतीवर खाकीतला एक दीर होता, तिने तो दुसऱ्या दिराला देऊन टाकला. त्या काळी घरात कुणाला हे खटकलंही नसावं. जिवंत माणसाला फोटोची काय गरज!

मग तो जिवंत माणूस कोण?

याचं उत्तर हेळव्याने दिलं. हेळवी बैलावरून यायचे, आता मोटरसायकलवरून येतात, पण वंशावळीच्या वह्या त्याच. आमच्या घराण्याचा हेळवी दिवाळीनंतर धान्य मागायला येतो. त्याने वही उघडली आणि पणजोबांच्या वडिलांच्या नावाखालची ओळ सुरात वाचली. तिथे भाऊ दोन नव्हते, तीन होते. थोरले शेतीवर राहिले, त्यांचाच आमचा सगळा पसारा: आत्या, तात्या, मी, कोल्हापूरकर. धाकटे अण्णा. आणि त्या दोघांच्या मधे एक नाव, ज्याच्यापुढे हेळव्याच्या वहीत ‘बेळगाव’ आणि मग एक आडवी रेघ. रेघ म्हणजे वंश खुंटला. हेळव्याचा हिशेब मुलग्यांचा.

आत्याला विचारलं, मधले आजोबा कुणी होते का? ती म्हणाली, “हुते की. पलटणीत हुते. बेळगावलाच ऱ्हायले, हिकडं फारसं येत न्हवते.” जणू काही हे सगळ्यांनाच माहीत आहे आणि याचा फोटोशी काही संबंध नाही. माणूस परत आला, हवालदार झाला, बायको-पोर घेऊन स्टुडिओत गेला, कुठल्याशा तापाने अंथरुणावर मेला. त्याच्यात सांगण्यासारखं काय होतं? अण्णांचं दुःख होतं, तात्यांच्या गोष्टी होत्या. याच्याकडे दोन पदकं होती आणि एक मुलगी.

मी मुद्दाम फोटोतल्या बाईबद्दल विचारलं. शिपायाच्या अंगावरच्या प्रत्येक बटणाने आम्हाला काहीतरी सांगितलं होतं, बाईच्या अंगावर फक्त नथ, बोरमाळ आणि तो काळा ठिपका. अण्णांचं लग्न झालं नव्हतं, मग ही कोण, असा प्रश्न आत्याला इतकी वर्षं कधीच पडला नव्हता का? पडला होता. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं, ती अण्णांची वहिनी. हे तर शंभर टक्के खरं निघालं. वहिनी, तिची मुलगी आणि त्या दोघींच्या शेजारी बसलेला वहिनीचा नवरा. आजीने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

“आन त्यो घोडा?” आत्याने विचारलं. ती अजून हार मानायला तयार नव्हती. “घोड्यावर हुते म्हणून समदी सांगत्यात. माझ्या आजीनं सोता बिल्ला बगितला हुता, त्येच्यावर घोडा हुता. रुपयाएवढा. आन घोड्यावर उगडाबंब बाप्या. आजीनं हसून हसून सांगितलं हुतं, साहेबाच्या देशात लढाईला कापडं घालत न्हाईत का काय.”

मी फोन हातात घेऊन तशीच सुभेदारांच्या फाटकाशी गेले. ते आधी बोलले नाहीत, मग इतके मोठ्याने हसले की त्यांची सून बाहेर आली. ब्रिटिश वॉर मेडलच्या एका बाजूला पंचम जॉर्जचं मुंडकं असतं. दुसऱ्या बाजूला सेंट जॉर्ज, घोड्यावर स्वार, अंगावर चिंधी नाही, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल. घोडदळाची सगळी कथा त्या चांदीच्या चकतीवरून आलेली. मधल्या आजोबांनी पदक घरी आणलं, बायकांनी हातात घेऊन पाहिलं, पदरात तोंड लपवून हसल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्यातला बाप्या विसरून घोडा तेवढा लक्षात ठेवला.

म्हणजे आता ते पदक शोधायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं असतं. सुभेदार म्हणाले, चांदीचं गेलं असेल, ते बहुतेक घरांत सोनाराकडे जातं, दुष्काळात नाहीतर लग्नात. ब्राँझचं मात्र कुणी विकत घेत नाही, ते राहतं. आणि ते आमच्याकडे नाही याचा अर्थ ते मुलीबरोबर गेलं. तिवईवरची ती हललेली पोर. तिला गडहिंग्लजकडच्या एका गावात दिली होती, एवढं आत्याला आठवत होतं. त्या घराचं आडनावही आठवत होतं, कारण लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं होतं आणि मानपान आमच्या घरात कुणी विसरत नाही. कोल्हापूरच्या दादाने, ज्याच्या टीव्हीवरचे तात्या आता तात्या राहिले नव्हते, त्यानेच उत्साहाने फोनाफोनी केली. त्या मुलीच्या नातवाचा नंबर मिळाला.

नातू पन्नाशीचा, गुऱ्हाळवाला, आवाज मोकळा. त्याने सगळं ऐकून घेतलं. आजीच्या वडिलांचा फोटो आमच्याकडे आहे म्हटल्यावर म्हणाला, लगेच पाठवा, आमच्याकडे त्यांचा एकही नाही. मी पदकाचं विचारलं.

“आहे की,” तो म्हणाला. “कडीवालं, काळपट. पंख असलेली बाई आहे त्याच्यावर. आजीनं ट्रंकेत ठेवलं होतं.”

मी कागद-पेन ओढलं आणि म्हटलं, कडेवर बारीक अक्षरं असतील, तेवढी वाचून दाखवता का?

“नाही हो,” तो म्हणाला. “वाटणीत ट्रंक धाकट्याकडे गेली. आणि त्याचं-माझं बोलणं नाही.”